दिव्याला दहा दिसले, इंजिनात दोनच होते

सर आमच्या गॅरेजमध्ये पहिल्यांदा आले ते जुलैच्या शेवटच्या आठवड्यात. निवृत्त शिक्षक. राहायला कोल्हापुरात, मूळ गाव साखरप्याच्या बाजूला. महिन्यातून एकदा तरी आंबा घाट उतरून गावी जायचं आणि दोन दिवसांनी घाट चढून परत यायचं, हा त्यांचा क्रम. गाडी २००१ सालची, दीड लिटरची, चार सिलिंडरची पेट्रोल सेडान. पहिल्या दिवसापासून त्यांच्याच हातातली.

"मिस्त्री, गाडीनं दम सोडलाय बघा," ते म्हणाले. "दोन महिन्यांपूर्वीपर्यंत तिसऱ्या गिअरमध्ये घाट चढत होती. आता दुसऱ्यात टाकल्याशिवाय पुढं सरकत नाही, आणि वर येईपर्यंत टेंपरेचरचा काटा लाल पट्टीला टेकायला बघतो."

सरांनी खिशातून एक लहान वही काढली. टाकी भरली की किलोमीटर आणि लिटर लिहून ठेवायची त्यांची वीस वर्षांची सवय. मे महिन्यापर्यंत लिटरला १४च्या आसपास पडत होते. जूनमध्ये १२ आणि जुलैत ११. अशी वही घेऊन येणारा गाडीमालक भेटला की निम्मं काम झालेलं असतं. "ॲव्हरेज पडलंय" एवढ्यावर काहीच ठरवता येत नाही. "मेनंतर पडलं" यावर ठरवता येतं. मेमध्ये काय झालं, असं विचारलं. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये नेहमीची सर्व्हिसिंग केली होती. प्लग, फिल्टर, ऑइल बदललं, एसीचा पट्टा बदलला, आणि बिलावर एक ओळ होती: "टायमिंग सेट केलं."

हे प्रकरण लिहून काढतोय ते त्या ओळीमुळं. टायमिंग मीही तपासलं, पद्धतीप्रमाणे तपासलं, आकडा अगदी बरोबर आला, आणि म्हणून खरा दोष माझ्या हातातून निसटला. तीन दिवस.

"टायमिंग" म्हणजे नेमकं कोणतं

आमच्या धंद्यात टायमिंग हा शब्द दोन गोष्टींना वापरतात आणि त्यातून भरपूर घोळ होतो. एक टायमिंग बेल्टचं किंवा चेनचं. त्यात क्रँक (पिस्टनच्या रेट्यानं फिरणारा मुख्य दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) एकमेकांशी जुळलेले आहेत की नाहीत हे बघतात, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात का. दुसरं इग्निशनचं, म्हणजे ठिणगी कधी पडते. इथं मी इग्निशनच्या टायमिंगबद्दल बोलतोय, पण पुढं पहिल्याचाही संबंध येणार आहे.

पिस्टन वर येऊन ज्या जागी थांबतो ती जागा म्हणजे टीडीसी. ठिणगी त्याच्या थोडी आधी पडावी लागते, कारण पेट्रोल-हवेचं मिश्रण पेटून दाब चढायला वेळ लागतो. दाब सर्वांत जास्त हवा तो पिस्टन टीडीसी ओलांडून १५ अंशांच्या आसपास गेला असताना, म्हणजे त्याचा सगळा रेटा क्रँकला मिळतो. ठिणगी लवकर पडली तर वर येणाऱ्या पिस्टनला विरोध होतो आणि इंजिन नॉक करतं, म्हणजे आतून टकटक वाजतं. उशिरा पडली तर पिस्टन खाली निघून गेल्यावर जाळ होतो. रेटा वाया जातो, उष्णता एक्झॉस्टमध्ये आणि पाण्यात जाते. आठशे आरपीएमला क्रँकचा एक अंश म्हणजे सेकंदाचा सुमारे पाच हजारावा भाग. तेवढ्या हिशेबात ही सगळी गोष्ट चालते.

प्रीमियर पद्मिनी, अँबॅसेडरच्या काळात हे काम डिस्ट्रिब्युटरच्या (ठिणगी एकेका सिलिंडरला वाटणाऱ्या भागाच्या) आत वजनं, स्प्रिंगा आणि व्हॅक्यूमचा डायफ्रॅम मिळून करायचे. आरपीएम वाढला की वजनं बाहेर फाकायची आणि ठिणगी लवकर पडायची. जुने मिस्त्री डिस्ट्रिब्युटरला आजही डेल्को म्हणतात. ते गाडी चढावर नेऊन कानानं टायमिंग लावायचे. टकटक ऐकू येईपर्यंत डेल्को फिरवायचा, मग किंचित मागं घ्यायचा. मी स्वतः हे शिकत मोठा झालो आणि ज्यांनी शिकवलं त्यांच्या कानाबद्दल मला आजही आदर आहे.

संगणक आल्यावर वजनं आणि स्प्रिंगा गेल्या. अमेरिकेत क्रायस्लरनं १९७६ मध्ये आणि जनरल मोटर्सनं १९७७ मध्ये ठिणगीची वेळ ठरवण्याचं काम इलेक्ट्रॉनिक पेटीकडं दिलं. बॉशनं १९७९ मध्ये मोट्रॉनिक आणली, त्यात इंधन आणि ठिणगी दोन्ही एकाच पेटीच्या ताब्यात आले. आपल्याकडं पेट्रोल गाड्यांत हे सर्रास झालं ते प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर, २०००च्या आसपास. एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळा पेट्रोल इंजेक्टर) हा शब्द गाडीच्या मागं चिकटवून मिरवायचे ते दिवस.

सरांची गाडी याच मधल्या पिढीतली आहे. डिस्ट्रिब्युटर आहे, पण त्यात वजनं नाहीत. आत दोन सेन्सर आहेत. ते कॅमच्या टोकाला फिरणाऱ्या दातऱ्यावरून (दातांच्या चाकावरून) ईसीयूला, म्हणजे त्या इलेक्ट्रॉनिक पेटीला, सांगतात की क्रँक कुठं आहे. ईसीयू आरपीएम, मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीतला) दाब, पाण्याचं आणि हवेचं तापमान बघतो आणि ठरवतो की ठिणगी किती अंश आधी द्यायची. या गाडीत नॉक सेन्सर नाही.

आता मुद्दा असा आहे की ईसीयूला क्रँक दिसत नाही. डिस्ट्रिब्युटर इंजिनला ज्या कोनात बसवलाय तोच बरोबर आहे असं तो धरून चालतो. तो कोन आठ अंशांनी चुकला, तर ईसीयूनं काढलेला प्रत्येक आकडा, आयडलिंगपासून पाच हजार आरपीएमपर्यंत, आठ अंशांनीच चुकतो. त्याच्या हिशेबात काहीच बिघडलेलं नसतं. चेक इंजिनचा दिवा पेटत नाही, कोड येत नाही. स्कॅनर लावून "इग्निशन ॲडव्हान्स १२ अंश" असं वाचलं, तर ते ईसीयूनं दिलेल्या हुकमाचं वाचन असतं. ठिणगी खरंच तिथं पडली का, हे स्कॅनरला माहीत नसतं. हल्लीच्या मुलांना मी हे वारंवार सांगतो, कारण स्क्रीनवरच्या आकड्यावर फार लवकर विश्वास बसतो.

ईसीयूला आधी गप्प करावं लागतं

म्हणून टायमिंग गन अजून लागते. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या वायरीला तिची क्लिप लावायची. दर ठिणगीला गन चमकते आणि त्या क्षणी क्रँक पुलीवरची खाच थांबल्यासारखी दिसते. इंजिनवरच्या काट्यासमोर ती कुठं येते त्यावरून अंश कळतात.

पण गाडी नुसती चालू करून गन धरली तर पुलीवरची खाच नाचते. आयडलिंग स्थिर ठेवण्यासाठी ईसीयू सतत ठिणगी पुढं-मागं करत असतो. आरपीएम जरा पडला की ठिणगी लवकर देतो, चढला की उशिरा. त्या नाचणाऱ्या खाचेवर डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग लावणं म्हणजे हलत्या पाण्यात पट्टी धरून खोली मोजणं. तुम्ही डिस्ट्रिब्युटर फिरवता, ईसीयू ते भरून काढायला बघतो, आणि शेवटी जो आकडा मिळतो तो कुणाचाच नसतो.

त्यासाठी ईसीयूला सांगावं लागतं की तुझा हिशेब बाजूला ठेव, मूळ टायमिंगवर थांब. हे सांगायची पद्धत कंपनीगणिक वेगळी. त्या काळातल्या टोयोटात डायग्नोसिसच्या डबीतले टीई-१ आणि ई-१ हे टर्मिनल तारेनं जोडतात. माझदात टेन आणि ग्राउंड. सुझुकीच्या कपलरमध्ये टेस्ट स्विचचं टर्मिनल ग्राउंड करतात. होंडात दोन पिनांचा सर्व्हिस कनेक्टर शॉर्ट करतात. फोर्डच्या जुन्या ईईसी-४ गाड्यांत उलटी पद्धत, तिथं स्पाउट नावाचा छोटा कनेक्टर काढून घेतात. म्हणजे ईसीयूचा ठिणगीचा हुकूम इग्निशन मॉड्यूलपर्यंत पोचतच नाही. चुकीच्या गाडीला चुकीचं टर्मिनल जोडलं तर पेटी जळू शकते. पुस्तक उघडल्याशिवाय तार हातात घेऊ नये.

सरांच्या गाडीत ईसीयूला गप्प करायच्या पिना जोडून मूळ टायमिंग टीडीसीच्या आधी १० अंश, दोन अंश इकडं-तिकडं चालेल, असं पुस्तक सांगतं. मी इंजिन रेडिएटरचा पंखा दोनदा सुरू होऊन थांबेपर्यंत गरम केलं. एसी बंद, लाइट बंद, आयडलिंग पुस्तकातल्या हद्दीत. पिना जोडल्या. आधी नाचणारी खाच जागच्या जागी उभी राहिली. पिना काढल्या, पुन्हा हलायला लागली. हे बघणं गरजेचं असतं. पिना जोडूनही खाच हलत राहिली तर ईसीयूनं तुमचं ऐकलेलंच नाही, आणि पुढचं सगळं मोजमाप फुकट.

परत जोडल्या. काट्याच्या बरोबर समोर उभं राहून, तिरकं न बघता वाचलं. दहा अंश. ना एक जास्त, ना एक कमी. मग पिना काढून आरपीएम अडीच हजारांवर नेला, ठिणगी सरकत जाऊन तीसच्या आसपास स्थिरावली. म्हणजे ईसीयू वेळ बदलतोय, सेन्सर जिवंत आहेत.

मी जॉबकार्डवर "इग्निशन टायमिंग ओके" असं लिहिलं आणि त्या विषयावर रेघ मारली.

तीन दिवस

यावर फार लिहीत नाही. क्लच घसरत नव्हता. ब्रेक धरून राहत नव्हते, चारी चाकं हातानं मोकळी फिरत होती. पेट्रोलचा दाब पुस्तकातल्या हद्दीत होता. कंप्रेशन चारही सिलिंडरांत सारखं आणि चांगलं होतं. थर्मोस्टॅट बदलला, त्यानं काही फरक पडला नाही. कॅटलिटिक कन्व्हर्टर तुंबलाय का हे बघायला ऑक्सिजन सेन्सरच्या भोकात गेज लावलं, दाब साठत नव्हता. माझ्याकडं शिकायला आलेला आयटीआयचा मुलगा प्रत्येक तपासणीनंतर वहीत "ओके" लिहीत होता आणि माझ्याकडं बघत होता. सगळं ओके असलेली गाडी घाट चढत नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावलं, म्हणजे इंजिन हवा किती जोरानं ओढतंय ते पाऱ्याच्या इंचांत दाखवणारं. हे खरं तर पहिल्या दिवशी लावायला हवं होतं, पाच मिनिटांचं काम आहे. आयडलिंगला काटा १४ इंचांवर उभा. हलत नव्हता, थरथरत नव्हता, नुसता कमी होता. समुद्रसपाटीला चांगलं इंजिन १८ ते २० दाखवतं. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या वर आहे, आणि दर तीनशे मीटरला साधारण एक इंच कमी धरायचा असतो. म्हणजे इथं सोळा-सतरा तरी हवेत. व्हॉल्व्ह जळला असता तर काटा ठराविक वेळानं टिचकला असता. गळती असती तर आयडलिंग बिघडलं असतं. काटा स्थिर पण खाली, याचा जुना अर्थ एकच: काहीतरी उशिरा होतंय. ठिणगी किंवा व्हॉल्व्ह.

गन तर म्हणत होती की ठिणगी वेळेवर आहे.

मी डिस्ट्रिब्युटरकडं परत गेलो, यावेळी गन न घेता टॉर्च घेऊन. डिस्ट्रिब्युटरच्या कानाला लांबट भोक असतं, त्यातून बोल्ट जातो, म्हणजे तो थोडा फिरवता येतो. त्या कानावर वीस वर्षांची काळी काजळी आणि तेलाचा थर होता. त्या थरात वॉशरच्या आकाराचा स्वच्छ गोल दिसत होता, आणि वॉशर आज त्या गोलावर नव्हता. साधारण तीन मिलिमीटर सरकलेला. वर्षानुवर्षं वॉशर जिथं बसला होता ती कारखान्यानं लावलेली जागा, आणि मेमध्ये ती बदलली गेली.

डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो. बोल्ट मध्यापासून साडेचार सेंटिमीटरवर असेल तर तीन मिलिमीटर म्हणजे डिस्ट्रिब्युटरचे चार अंश, क्रँकचे आठ. सरकवण्याची दिशा उशिराची. वीस वर्षं डिस्ट्रिब्युटर जुन्याच जागी होता आणि गाडी तिसऱ्यात घाट चढत होती. तेव्हा गन काय दाखवत असेल? आज दहा दाखवते, तर तेव्हा अठरा.

पिना जोडून, व्हॅक्यूम गेजवर डोळा ठेवून मी डिस्ट्रिब्युटर हळूहळू जुन्या गोलावर आणला. काटा १४ वरून १७ च्या जवळ गेला, इंजिनचा आवाज मोकळा झाला. गनमध्ये अठरा.

इथं एक सावधगिरीची सूचना. व्हॅक्यूमवर कधीही टायमिंग लावू नये. ठिणगी योग्य जागेच्या पुढं नेली तरी व्हॅक्यूम वाढतच राहतो, आणि लोडवर तेच इंजिन नॉक करून पिस्टन फोडतं. त्या दिवशी गेजनं मला एवढंच सांगितलं की शंका कुठं घ्यायची. इंजिन आणि गन एकमेकांच्या विरुद्ध साक्ष देत होते आणि दोघांपैकी एक चुकत होता.

टीडीसी कुठं आहे, हे पिस्टनलाच विचारलं

गन खोटं बोलत नाही. ठिणगी पडली की ती चमकते, एवढंच तिचं काम. पण ती चमकून जी खाच दाखवते ती बरोबर जागी असेलच असं नाही. क्रँक पुली एकसंध दिसते, पण बहुतेक गाड्यांत ती दोन भागांची असते. आतला हब क्रँकला पाचरीसारख्या चावीनं पक्का बसतो. बाहेरची जड कडी, जिच्यावर पट्टे चालतात, ती हबला रबराच्या पट्टीनं जोडलेली असते. क्रँकला बसणारे पिळाचे झटके ते रबर शोषतं. आणि टायमिंगच्या खाचा असतात बाहेरच्या कडीवर.

रबर म्हातारं झालं, किंवा तेलानं फुगलं, की त्याची पकड सुटते. मग अल्टरनेटर आणि एसीचा कंप्रेसर कडीला सतत मागं ओढत असल्यामुळं कडी हबवर मागं सरकते. खाच काट्यासमोर उशिरा पोचते, तोवर पिस्टन पुढं गेलेला असतो. ठिणगी खरी दहा अंशांवर पडत असली तरी मागं राहिलेली खाच काट्याला अठरा दाखवते. मिस्त्रीला वाटतं टायमिंग आठ अंश पुढं आहे. तो प्रामाणिकपणे दहावर आणतो आणि खरं टायमिंग दोनवर जातं.

दुसरीही शक्यता होती. टायमिंग बेल्ट एक दात सरकला असता तरी डिस्ट्रिब्युटर कॅमवर असल्यामुळं ठिणगी हलली असती. पण क्रँकच्या दातऱ्यावर वीसेक दात असतात, म्हणजे एक दात अठरा अंशांचा. आठ अंशांचा दात नसतो. तरी अंदाजावर सोडायचं नव्हतं.

टीडीसी शोधायची सोपी पद्धत म्हणजे प्लगच्या भोकातून लांब स्क्रूड्रायव्हर सोडून तो सर्वांत वर कधी येतो ते बघणं. ढोबळ कामाला ठीक आहे, पण टीडीसीच्या आसपास क्रँक कित्येक अंश फिरला तरी पिस्टन जागचा हलल्यासारखा वाटत नाही. आठ अंशांचा वाद त्यावर मिटत नाही. म्हणून पिस्टनला मध्येच अडवून मोजायचं. एका जुन्या प्लगमधलं चिनी मातीचं काढून टाकलं आणि त्यात गोल टोकाचा बोल्ट वेल्ड करून घेतला. उद्यमनगरात हे काम करून मिळायला अर्धा तास पुरतो. बॅटरी सोडली, चारही प्लग काढले, पहिल्या सिलिंडरमध्ये हा अडसर बसवला. क्रँकच्या बोल्टला पाना लावून फिरण्याच्या दिशेनं हातानं, अगदी हळू, पिस्टन बोल्टला टेकेपर्यंत फिरवलं. पुलीवर चिकटपट्टी लावली होती, काट्यासमोर पेन्सिलीची रेघ मारली. मग उलट दिशेनं फिरवून दुसऱ्या बाजूनं टेकवलं, दुसरी रेघ. उलट फिरवताना क्रँकचा बोल्ट ढिला होणार नाही याकडं लक्ष ठेवावं लागतं, आणि अडसर असताना स्टार्टर मारायचा नाही, मारला तर पिस्टनला भोक पडेल.

दोन्ही रेघांचा बरोबर मध्य म्हणजे खरी टीडीसी. इथं पिस्टनच्या थांबण्याबद्दल अंदाज करावा लागत नाही, कारण तो दोन्ही बाजूंनी सारख्याच उंचीवर अडतो.

मुलाला मोजायला सांगितलं. दोन रेघांमध्ये ८६ मिलिमीटर. मध्य ४३ वर. कारखान्याची टीडीसीची खाच त्या मध्यापासून १० मिलिमीटर दूर, मागच्या बाजूला. पुलीचा व्यास १४० मिलिमीटर, घेर ४४०, म्हणजे एका अंशाला १.२२ मिलिमीटर. १० मिलिमीटर म्हणजे ८ अंशांहून किंचित जास्त. वॉशरच्या डागावरून आलेला आकडा आणि हा आकडा जुळले. मुलानं भागाकार दोनदा केला आणि वहीतल्या "इग्निशन टायमिंग ओके" या ओळीवर स्वतःहून रेघ मारली. मला ते आवडलं.

अडसर काढून खऱ्या टीडीसीवर क्रँक ठेवला, वरचं कव्हर उघडून कॅमची खूण बघितली. हेडच्या खुणेशी तंतोतंत. बेल्टचा दोष नव्हता. मग पट्टे काढून पुली जवळून बघितली. रबर एका बाजूला भेगाळलेलं, दुसरीकडं फुगून कडेच्या बाहेर आलेलं. क्रँकचा पुढचा ऑइल सील ओला होता आणि तेल झिरपत रबरापर्यंत येत होतं. रबर का सुटलं याचं उत्तर तिथंच मिळालं.

दुरुस्ती

नवी मूळ पुली पुण्याहून यायला चार दिवस लागणार होते. सरांना गावी जायचं होतं, म्हणून खऱ्या टीडीसीवरून मोजून जुन्या पुलीवर पांढऱ्या रंगानं नवी खूण केली आणि पिना जोडून त्या खुणेवर दहा अंश लावले. डिस्ट्रिब्युटर बरोबर जुन्या गोलावर जाऊन बसला. पण त्यांना घाटात जाऊ दिलं नाही. रबर सुटलेली कडी एखाद्या दिवशी पूर्ण निसटली तर पट्टे जातात, रेडिएटरला भोक पडू शकतं. गाडी शहरातच चालवा, गावाला एसटीनं जा, असं सांगितलं. ते गेले.

पुली आल्यावर सील बदलला, पुली बसवली, क्रँकचा बोल्ट पुस्तकातल्या टॉर्कला घट्ट केला. आणि गन लावण्याआधी पुन्हा तो अडसर बसवून नवी खाच खऱ्या टीडीसीवर येते का ते तपासलं. नवीन भाग आहे म्हणून खूण बरोबरच असेल असं आता मी धरत नाही. खाच बरोबर आली. मग गन, पिना, दहा अंश. व्हॅक्यूम १७.

मेमध्ये ज्यानं टायमिंग लावलं होतं त्या मुलाला मी बोलावून घेतलं. त्याला ओरडायचं नव्हतं. त्यानं पिना जोडल्या होत्या, इंजिन गरम केलं होतं, पुस्तकाप्रमाणे दहावर आणलं होतं. मी केलं असतं तेच त्यानं केलं, आणि खरं सांगायचं तर मी केलंही. त्याच्या जागी मी असतो आणि वीस वर्षं कुणी न हलवलेला डिस्ट्रिब्युटर आठ अंश चुकीचा दिसला असता, तर मी तरी थांबलो असतो का? थांबायला हवं होतं, हे आता दोघांनाही कळलंय. घट्ट बोल्ट असलेला डिस्ट्रिब्युटर आपोआप फिरत नाही. त्याचं टायमिंग चुकीचं दिसलं तर आधी काय सरकलं ते शोधायचं: बेल्ट, डिस्ट्रिब्युटरची ड्राइव्ह, की पुलीची कडी. फिरवणं शेवटी. जुनी पुली त्याच्या हातात दिली आणि अंगठ्यानं रबर दाबून बघायला सांगितलं.

आताच्या गाड्यांत हा प्रश्न या रूपात येत नाही. क्रँकचा सेन्सर थेट क्रँकच्या दातऱ्यावरून वाचतो, प्रत्येक प्लगवर स्वतःची कॉइल असते, डिस्ट्रिब्युटरच नाही तर फिरवायचं काय? बेल्ट सरकला तर क्रँक आणि कॅमचं जुळत नाही असा कोड ईसीयू स्वतःच देतो. पण काही गाड्यांत क्रँक सेन्सरचा दातरा त्याच रबरी पुलीच्या बाहेरच्या कडीवर असतो, आणि तिथं कडी सरकली तर ईसीयूची मूळ समजूतच सरकते. मधल्या पिढीतल्या, एका कॉइलनं दोन प्लगना एकदम ठिणगी देणाऱ्या गाड्यांत आणखी एक अडचण असते. तिथं दर फेरीला ठिणगी पडते, त्यामुळं आकडे दाखवणाऱ्या काही डिजिटल गन दुप्पट वाचन देतात. आकडा वाचायच्या आधी गनचंही पुस्तक वाचावं.

सर नव्या पुलीवर गावी जाऊन आले आणि आल्या आल्या फोन केला. "तिसऱ्यात चढली मिस्त्री, आणि काटा अर्ध्यावरच." महिन्याभरानं वही घेऊन आले. लिटरला १३.८.

नव्या पुलीवर मी हबपासून कडीपर्यंत एक सरळ पांढरी रेघ ओढून ठेवली आहे. कडी हबवरून सरकली तर रेघ तुटलेली दिसेल, गन लागणार नाही. ऑक्टोबरमध्ये ऑइल बदलायला गाडी आली तेव्हा माझ्याकडच्या आयटीआयच्या मुलानं सांगायच्या आधीच बॉनेट उघडून टॉर्च मारली. रेघ सरळ होती, सील कोरडा होता.